संचालन प्रणालीतील बदल आणि साठवणीची मोडलेली घडी : पुण्यातील मराठी संगणनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा आगमनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र आले, तमुक वर्षी त्याची क्षमता वाढली, अशी त्याची मांडणी असते. नवे येत असताना वापरणाऱ्याने आपल्या सोयीने लावून ठेवलेली घडी कशी विस्कटली, याची दखल मात्र या इतिहासात अभावानेच घेतली जाते. ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजेच संचालन प्रणालीची, नवी आवृत्ती बसवावी आणि दुसऱ्या दिवशी डिस्कवरील एखादा विभाग दिसेनासा व्हावा, हा प्रकार कार्यालयांना, ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांना अपरिचित नाही. अशा वेळी ‘डेटा गेला’ असे म्हटले जाते. परंतु अनेक प्रसंगी डेटा गेलेला नसतो. डिस्कवरील खुणा जशाच्या तशा असतात. नाहीशी झालेली असते ती त्या खुणांचा अर्थ लावण्याची किल्ली.

साठवलेली सामग्री आणि तिचा अर्थ लावण्याची किल्ली या दोन गोष्टी जेथे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, तेथे किल्ली बदलणारा प्रत्येक नवा बदल सामग्रीला निरर्थक करू शकतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. या प्रतिपादनासाठी प्रथम डिस्कच्या मांडणीसंबंधीचे काही जागतिक प्रसंग पाहिले आहेत. त्यानंतर पुण्यात घडलेला आणि मराठी भाषेशी थेट निगडित असलेला प्रसंग तपासला आहे. डिस्कचा विभाग हरवणे आणि मराठी मजकूर वाचता न येणे या दोन घटना वरवर भिन्न भासतात. त्यांचे कारण मात्र एकच आहे, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

डिस्कवरील नकाशा

आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये ‘रामॅक’ यंत्राबरोबर पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांच्या या अवाढव्य साधनात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाला हार्ड डिस्क लाभण्यास पुढे सत्तावीस वर्षे लागली. मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘पी.सी.-एक्स.टी.’ यंत्रात दहा मेगाबाइटची डिस्क होती व तिच्यासाठी डॉस प्रणालीची दुसरी आवृत्ती तयार करण्यात आली होती.

याच आवृत्तीबरोबर डिस्कचे विभाग पाडण्याची पद्धत रूढ झाली. डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटचा असतो. त्यातील केवळ ६४ बाइटमध्ये चार नोंदी बसतात. प्रत्येक नोंद १६ बाइटची असून विभाग कोठे सुरू होतो, किती मोठा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे एवढेच ती सांगते. डिस्कवरील शेकडो मेगाबाइट सामग्रीचा सारा अर्थ या चार ओळींच्या नोंदवहीवर अवलंबून असतो. जमीन तीच राहावी आणि सातबारा बदलावा, तशी ही अवस्था होय. नोंद पुसली गेली तर मूळ सामग्रीला यत्किंचितही धक्का न लागता ती नाहीशी झाल्यासारखी भासते.

आरंभीच्या डॉस प्रणालीत एका विभागाची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट होती. त्यामुळे चाळीस मेगाबाइटची डिस्क घेणाऱ्यास ती ‘सी’ आणि ‘डी’ अशा दोन विभागांत वाटून घ्यावी लागे. मर्यादा ओलांडू इच्छिणाऱ्यांसाठी ‘डिस्क मॅनेजर’, ‘स्पीडस्टोर’ यांसारख्या आज्ञावली उपलब्ध होत्या. त्या स्वतःचा वेगळा चालक वापरून मोठा विभाग निर्माण करीत. हा विभाग दिसण्यासाठी तो चालक संगणक सुरू होताना स्मृतीत यावा लागे. तो आला नाही तर विभाग अदृश्य होई. येथे किल्ली डिस्कच्या नोंदीत नसून एका बाहेरच्या आज्ञावलीत होती.

पुढे ३२ मेगाबाइटची मर्यादा गेली, पण विभाग पाडण्याची सवय टिकली. आपल्याकडे संगणक जुळवून देणारे तंत्रज्ञ डिस्कचे ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे भाग पाडून देत आणि ‘कामाच्या फाइली सी-वर ठेवू नका’ असा सल्ला देत. हा सल्ला व्यवहार्य होता. प्रणाली बिघडली की ‘सी’ पुसून नव्याने बसवायची आणि ‘डी’वरील काम सुरक्षित राहायचे. ही वापरणाऱ्यांनी अनुभवातून उभी केलेली व्यवस्था होती. प्रणालीच्या निर्मात्यांच्या कल्पनेतील संगणक मात्र नेहमीच असा नव्हता. पुढे पाहावयाच्या प्रसंगांपैकी एकाचे मूळ नेमके याच अंतरात आहे.

चार प्रसंग

पहिला प्रसंग १९९१ मधील असून तो अनुकूल उदाहरण म्हणून महत्त्वाचा आहे. त्या वर्षी डॉस प्रणालीची पाचवी आवृत्ती आली. ती फ्लॉपींवर मिळे आणि वापरणारा स्वतःहून बसवी. बसवणारी आज्ञावली आधी डिस्कची तपासणी करी. अनोळखी पद्धतीचा विभाग आढळल्यास ती थांबून तसा इशारा देई. जुन्या प्रणालीच्या फाइली ती बाजूला जपून ठेवी व परत फिरण्यासाठी एक स्वतंत्र फ्लॉपी तयार करून घेई. याचा अर्थ पूर्वसूचना देणे आणि परतीचा मार्ग राखणे या दोन्ही गोष्टी तीन दशकांपूर्वीच तंत्रदृष्ट्या साध्य झालेल्या होत्या.

दुसरा प्रसंग १९९३ चा. डॉसच्या सहाव्या आवृत्तीत ‘डबलस्पेस’ ही सुविधा आली. ती डिस्कवरील सारी सामग्री दाबून एका मोठ्या फाइलमध्ये ठेवी आणि वापरणाऱ्यास जवळजवळ दुप्पट जागा मिळवून देई. त्या काळी डिस्क महाग असल्याने या सुविधेचे आकर्षण मोठे होते. परंतु सामग्री गमावल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत सुरक्षेच्या जादा तपासण्या घालण्यात आल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने पेटंटच्या दाव्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध बारा कोटी डॉलर भरपाईचा निवाडा मिळवला. त्यानंतरच्या ६.२१ आवृत्तीतून ही सुविधाच काढून टाकली गेली. साठवणीची एक पद्धत प्रणालीत येते, लोक आपली सामग्री तिच्या हवाली करतात आणि न्यायालयीन निर्णयानंतरच्या आवृत्तीत ती पद्धत नाहीशी होते! या सर्व घडामोडी सुमारे एका वर्षात घडल्या.

तिसरा प्रसंग मुक्त प्रणालींच्या जगातील आहे. दोष केवळ व्यापारी कंपन्यांचा असतो, हा समज त्यामुळे दूर होतो. लिनक्स प्रणालीत जुन्या पद्धतीच्या डिस्कला ‘एच.डी.ए.’ या नावाने ओळखले जाई. मे २००७ मध्ये आलेल्या फेडोरा ७ या वितरणात नवा चालक स्वीकारला गेला आणि त्याच डिस्कचे नाव ‘एस.डी.ए.’ झाले. जुने नाव ज्या ज्या नोंदींत लिहिलेले होते, त्या साऱ्या चुकीच्या ठरल्या. शिवाय जुना चालक एका डिस्कवर त्रेसष्टपर्यंत विभाग ओळखत असे. नव्याची मर्यादा पंधरा होती. पंधराहून अधिक विभाग करणाऱ्या अभ्यासू वापरकर्त्याची डिस्क निर्दोष होती, तिच्यावरील नोंदही बिनचूक होती; तरीही सोळावा विभाग नव्या प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. या बदलाच्या काळात अनेक वितरणांनी डिस्कला नावाने न ओळखता विभागावरच कोरलेल्या अद्वितीय क्रमांकाने ओळखण्याची पद्धत स्वीकारली. ओळख वस्तूबरोबर राहू लागली. या उपायाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

चौथा प्रसंग २ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाला. विंडोज १० ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती त्या दिवशी वितरित होऊ लागली. ज्यांनी आपला ‘डॉक्युमेंट्स’ कप्पा ‘सी’वरून ‘डी’सारख्या दुसऱ्या विभागावर वळवला होता, पण जुन्या कप्प्यात काही फाइली शिल्लक ठेवल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या त्या फाइली या अद्ययावतीकरणाने पुसून टाकल्या. वळवलेल्या कप्प्याची मूळ जागा रिकामी व निरुपयोगी असणार, असे प्रणालीने गृहीत धरले होते. काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले व १३ नोव्हेंबर रोजी ते पुन्हा सुरू झाले. तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याचा शंभरावा भाग असल्याचे कंपनीने सांगितले. चाचणीच्या काळातच काही जणांनी हा दोष कळवला होता, परंतु तक्रारींच्या संख्येला महत्त्व देणाऱ्या व्यवस्थेत तो वर आला नाही. त्यानंतर तक्रार नोंदवताना तिचे गांभीर्यही सांगण्याची सोय करण्यात आली. प्रमाण अल्प असले तरी ज्याच्या फाइली गेल्या, त्याची हानी शंभर टक्के असते, हे सत्य टक्केवारीत दिसत नाही.

या मालिकेत पुढेही भर पडली. मे २०२० मधील आवृत्तीनंतर अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या ‘स्टोरेज स्पेसेस’ या सुविधेच्या काही मांडण्यांत बिघाड झाला. त्या वेळी नेहमीची दुरुस्तीची ‘चेकडिस्क’ आज्ञा चालवू नये, असा सल्ला कंपनीलाच द्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मधील एका सुरक्षा अद्ययावतीकरणानंतर, ज्यांच्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी नांदत होते, अशा काहींचे लिनक्स सुरू होईनासे झाले.

या प्रसंगांची तुलना केली असता एक बाब ठळकपणे जाणवते. १९९१ मध्ये बदलाची वेळ वापरणारा ठरवीत होता. २०१५ मध्ये विंडोज १० आली, तेव्हा घरगुती आवृत्तीत अद्ययावतीकरण आपोआप होऊ लागले. मोठे बदल लांबणीवर टाकण्याचा पर्याय या वर्गाला मे २०१९ मध्ये मिळाला. आपोआप होणाऱ्या अद्ययावतीकरणामागे सुरक्षेचे सबळ कारण होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि, सुरक्षेची तातडीची दुरुस्ती आणि साठवणीच्या रचनेतील बदल या दोहोंना एकाच मापाने मोजल्यामुळे संमतीचा प्रश्न दुय्यम ठरला.

पुण्याचा अध्याय : जिस्ट, इस्फॉक आणि युनिकोड

आतापर्यंतच्या उदाहरणांत किल्ली होती ती विभागाच्या नोंदीची, चालकाची किंवा नावाची. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक किल्ली लागते, ती म्हणजे कोणता अंक कोणते अक्षर दर्शवतो याचा संकेत. डिस्कवर अक्षरे नसतात, अंक असतात. या संकेताच्या इतिहासात पुण्याचे स्थान मध्यवर्ती आहे.

प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच संस्थेत भारतीय भाषांसाठी झालेले काम सर्वसामान्यांच्या टेबलापर्यंत अधिक पोहोचले. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्याबरोबर सी-डॅकमध्ये आले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आत बसवावयाचे एक पूरक साधन होते. ते बसवले की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या इंग्रजी आज्ञावलींतही देवनागरी उमटू लागे. यासाठी ‘इस्की’ हा संकेत वापरला जाई. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये त्याला आय.एस. १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीत अक्षर त्याच्या उच्चाराच्या क्रमाने साठवले जाई आणि पडद्यावरील रूप घडवण्याचे काम कार्ड करी. ही मांडणी अत्यंत तर्कशुद्ध होती. युनिकोडमधील देवनागरीची रचनाही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

नव्वदच्या दशकात विंडोज आली. ही प्रणाली अक्षरे चित्ररूपाने स्वतः रेखाटत असल्याने डॉससाठी घडवलेल्या कार्डाची युक्ती तेथे उपयोगी पडेना. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची आपोआप जुळणी करण्याची क्षमता त्या वेळच्या विंडोजमध्ये नव्हती. तेव्हा वेगळा मार्ग काढण्यात आला. इंग्रजी व अन्य युरोपीय अक्षरांच्या जागी देवनागरीचे सुटे अवयव ठेवून फॉन्ट तयार केले गेले. अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे तुकडे एकमेकांशेजारी मांडून शब्द घडवले जाऊ लागले. सी-डॅकचा ‘इस्फॉक’ संकेत याच प्रकारचा होता. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची ‘श्री-लिपी’ही मुद्रण-प्रकाशनाच्या व्यवसायात परिचित झाली. ‘योगेश’, ‘सुरेख’ ही फॉन्टची नावे त्या पिढीतील टंकलेखकांना आजही आठवत असतील.

या मार्गाने मराठीची तात्कालिक गरज भागवली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. नियतकालिके, प्रबंध, प्रश्नपत्रिका, पत्रव्यवहार, इतिवृत्ते या साऱ्यांचे टंकन अशा प्रणालींवर झाले. परंतु त्याची किंमत साठवणीत चुकवावी लागली. ‘वर्ष’ हा शब्द युनिकोडमध्ये व, र, हलन्त, ष या क्रमाने साठतो. अवयवाधिष्ठित फॉन्टमध्ये तो जसा दिसतो तसा, म्हणजे व, ष आणि शेवटी रफार, असा साठतो. ‘कवि’तील ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतरची, पण दिसायला आधीची, म्हणून फाइलमध्येही ती ‘व’च्या आधी जाऊन बसते. प्रत्येक निर्मात्याचा संकेत वेगळा असल्याने एका फॉन्टमधील फाइल दुसऱ्यात उघडत नसे. संगणकाच्या दृष्टीने ती फाइल मराठी नव्हतीच. ती युरोपीय अक्षरांची एक निरर्थक माळ होती आणि तिला मराठी ठरवणारी किल्ली केवळ फॉन्टमध्ये होती.

फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० प्रणालीत युनिकोड देवनागरीचा अंतर्भाव झाला. पुढील एक्स.पी. प्रणालीत त्यासाठी भाषाविषयक पर्याय मुद्दाम निवडावा लागे. नंतरच्या आवृत्त्यांत देवनागरी प्रथमपासूनच सज्ज असे. मराठीसाठी ही मोठी उपलब्धी होती. मात्र जुन्या फाइलींकडे या बदलात कोणीच पाहिले नाही. नवा संगणक आला, त्यावर नवी प्रणाली आली, फाइली ‘डी’वरून तशाच उतरवून घेतल्या गेल्या, फॉन्ट मात्र आले नाहीत. फाइल उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसू लागला. ज्यांची सामग्री जिस्ट कार्डावर अवलंबून होती, त्यांची अडचण याहून कठीण होती. कार्ड बसवण्याची जुन्या पद्धतीची खाचच नव्या यंत्रांतून २००० च्या सुमारास हद्दपार होऊ लागली. पुढे ६४ बिटच्या विंडोजने १६ बिटच्या जुन्या आज्ञावली चालवणेच बंद केले. या पायऱ्यांपैकी एकीवरही ‘आपल्या मराठी फाइली आता वाचता येणार नाहीत’ अशी सूचना पडद्यावर आली नाही. कारण त्या फाइली मराठी आहेत, हे प्रणालीला ठाऊकच नव्हते.

युनिकोडनेही सर्व प्रश्न एका दिवसात सुटले नाहीत. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान एप्रिल २००८ मधील युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई. परिणामतः दिसायला सारखे, पण साठवणीत भिन्न असे दोन लेखनप्रकार निर्माण झाले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद दाखवणारा ‘र’ लिहिण्याच्याही एकाहून अधिक रीती प्रचारात आल्या. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर तो सापडेलच अशी खात्री राहिली नाही. किल्ली प्रमाणित झाली, तरी तिच्याही आवृत्त्या असतात, एवढा बोध यातून घेता येतो.

मोडीचा दाखला

सामग्री शाबूत असून वाचता न येणे ही अवस्था पुण्याला नवी नाही. येथील पुराभिलेखागारात, म्हणजे ज्यास आपण पेशवे दफ्तर म्हणतो तेथे, मोडी कागदांचे रुमाल जतन केलेले आहेत. कागद आहेत, शाई आहे, अक्षर सुवाच्य आहे. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून मागे पडली आणि बालबोध लिपीत शिकलेल्या पिढ्यांना आपल्याच आजोबा-पणजोबांचे हिशेब वाचता येईनासे झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने, १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे कार्य आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड यांमुळे त्यातील काही भाग बालबोधात आला. मोडी जाणणारे विद्वान हयात असताना हे लिप्यंतर झाले, म्हणूनच ते शक्य झाले. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये.

दोन स्थित्यंतरांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. मोडी ओसरण्यास अनेक दशके लागली आणि त्या अवधीत दोन्ही लिप्या जाणणारी पिढी नांदत होती. संगणकीय स्थित्यंतरास तेवढा अवकाश मिळत नाही. शिवाय मोडी जाणणारा मनुष्य नव्याने तयार करता येतो. तसे वर्ग पुण्यात चालतातही. विस्मृतीत गेलेल्या एखाद्या फॉन्टचा संकेत मात्र वर्गात शिकवला जात नाही. फॉन्ट उपलब्ध नसेल, तर तो केवळ तर्काने, शब्दाशब्दाचा माग काढत, पुन्हा बांधावा लागतो. १९९० ते २००५ या काळातील मराठी लेखनाच्या भावी अभ्यासकाला पेशवाईतील कागदापेक्षा त्या काळातील फ्लॉपी अधिक दुर्बोध वाटली, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

किल्ली सामग्रीबरोबर ठेवण्याचा उपाय

वरील सर्व प्रसंगांत जो उपाय टिकाऊ ठरला, त्याचे तत्त्व एकच आहे : वस्तूची ओळख वस्तूबरोबरच ठेवावी. लिनक्सच्या वितरणांनी विभागाच्या बदलत्या नावाऐवजी त्याच्यावर कोरलेला क्रमांक स्वीकारला. मोठ्या संस्थांच्या डिस्क सांभाळणाऱ्या व्हेरिटास कंपनीच्या ‘व्हॉल्यूम मॅनेजर’मध्ये प्रत्येक डिस्कचा छोटासा भाग राखून त्यात त्या डिस्कच्या मांडणीचे वर्णन लिहिलेले असे, त्यामुळे डिस्क एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसवली तरी तिची ओळख टिके. या कंपनीचे मोठे विकसन केंद्र पुण्यात होते, हा या विषयातील आणखी एक पुणेरी धागा होय. युनिकोडमागील तत्त्वही हेच आहे. अक्षराचा अर्थ फॉन्टच्या मर्जीवर न ठेवता प्रत्यक्ष साठवलेल्या अंकातच निश्चित करणे, हे त्याचे सार आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या तत्त्वाची फलिते व्यावहारिक आहेत. प्रणालीची नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी डिस्कचे विभाग, त्यांचे आकार आणि वळवलेले कप्पे यांची कागदावर नोंद करावी. राखीव प्रत यंत्राबाहेर, संगणकापासून विलग ठेवावी आणि ती खरोखर उघडते, याची आधी खात्री करून घ्यावी. ‘डी’वरील प्रत ही राखीव प्रत नव्हे, एकाच डिस्कच्या दोन विभागांचे भवितव्य एकच असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यामुळे जुन्या यंत्रांची बदली अनेक विभागांत होत असणार. यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी त्याच्या डिस्कवर कोणत्या संकेतातील मराठी फाइली आहेत, हे पाहण्याची हीच वेळ आहे.

जुन्या मराठी फाइलींबाबत तीन गोष्टी एकत्र जपाव्या लागतील. मूळ फाइल, ती ज्या फॉन्टमध्ये लिहिली तो फॉन्ट आणि तिचे युनिकोड रूपांतर, या त्या तीन गोष्टी होत. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे यांत त्या चुकू शकतात. म्हणून रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडूनच व्हावे. केवळ पी.डी.एफ. करून ठेवणे पुरेसे नाही. फॉन्ट आत समाविष्ट असल्याने पी.डी.एफ. डोळ्यांना नीट दिसते. तथापि तीत ‘पुणे’ हा शब्द शोधला तर सापडत नाही आणि मजकूर उचलला तर पुन्हा तीच रोमन माळ हाती येते. दिसणारा पण न शोधता येणारा प्रबंध अर्धाच जतन झालेला असतो.

समारोप

संचालन प्रणालीतील बदलांमुळे साठवणीची घडी मोडण्याचे प्रसंग हे सुटे अपघात नाहीत, हे वरील विवेचनावरून दिसून येते. ज्या मांडणीची कल्पना निर्मात्याने केलेली नसते, तिच्याबाबत प्रणाली मौन बाळगते. सोळावा विभाग, दुसरीकडे वळवलेला कप्पा आणि अवयवाधिष्ठित फॉन्टमधील मराठी फाइल या तिन्हींचे दैव या अर्थाने सारखेच आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या सुव्यवस्थित होत्या. प्रणालीच्या दृष्टीने त्या नव्हत्याच.

निर्मात्यांनी पूर्वसूचना द्यावी आणि परतीचा मार्ग ठेवावा, ही अपेक्षा रास्त आहे. १९९१ मध्ये जे फ्लॉपीवर साध्य होते, ते आज असाध्य नाही. परंतु मराठीतील लेखनाच्या जतनाची जबाबदारी या अपेक्षेवर सोडून चालणार नाही. राजवाडे-सरदेसायांच्या पिढीने दोन्ही लिप्या जाणणारे लोक हयात असतानाच मोडीचे कागद बालबोधात आणले. जिस्ट कार्डावर आणि श्री-लिपीवर काम केलेली पिढी आज आपल्यात आहे. तिच्यातील अनेक जण याच महाविद्यालयांच्या कार्यालयांत, ग्रंथालयांत आणि विभागांत कार्यरत आहेत किंवा नुकतेच निवृत्त झाले आहेत. कोणत्या कपाटात कोणत्या फ्लॉपी आहेत आणि त्या कोणत्या फॉन्टमध्ये उघडतील, हे त्यांना सांगता येते. ही माहिती त्यांच्याकडून लिहून घेणे, हे या विषयातील सर्वांत तातडीचे कार्य होय.